पुराच्या हिशेबातून माणूस कोणी वगळला?

४ सप्टेंबर २०२२ च्या रात्री बंगळूर शहरावर मुसळधार पाऊस कोसळला. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत हवामान खात्याने १३१.६ मिलिमीटर पावसाची नोंद केली. यमलूर, बेळ्ळंदूर, सरजापूर रस्ता आणि बाह्य वळण रस्त्याचा मोठा पट्टा पाण्याखाली गेला. कोट्यवधी रुपयांच्या बंगल्यांसमोर किमती मोटारी तरंगू लागल्या. संगणक कंपन्यांचे कर्मचारी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभे राहून कचेऱ्या गाठू लागले. मंड्या जिल्ह्यातील टी. के. हळ्ळी येथील पंपघरात पाणी शिरल्याने कावेरीचा पुरवठा खंडित झाला, आणि पाण्यात बुडालेल्या शहराच्या अनेक भागांतील नळ कोरडे पडले.

ही छायाचित्रे जगभर छापली गेली. ज्या पूर्व बंगळूरात हे घडले तेथेच, तंत्रउद्यानांच्या काचेच्या भिंतींपासून हाकेच्या अंतरावर, निळ्या ताडपत्रीच्या आणि पत्र्याच्या खोपटांच्या वस्त्या आहेत. कलबुर्गी, रायचूर, यादगीरहून आलेले बांधकाम मजूर, बंगालमधून आलेले कचरावेचक, पहारेकरी, घरकाम करणाऱ्या बाया तेथे राहतात. ज्या हातांनी ती उद्याने उभारली आणि जे हात ती रोज झाडूनपुसून लख्ख ठेवतात, त्या हातांची ही घरे आहेत. पाणी बंगला आणि खोपट असा भेद करीत नाही. भेद सुरू होतो तो पाणी ओसरल्यावर, हिशेब मांडताना.

त्याच पावसाळ्यात ३० ऑगस्ट रोजी बाह्य वळण रस्त्यावर कर्मचारी पाच पाच तास अडकून पडले. त्या रस्त्यावरील कंपन्यांच्या संघटनेने मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिले आणि एका दिवसाचे नुकसान २२५ कोटी रुपये असल्याचे कळविले. आकडा चटकन मांडता आला, कारण तो मांडणारी वही आधीच तयार होती. त्याच दिवशी किती मजुरांचा रोज बुडाला, किती चुली पेटल्या नाहीत, किती जणांचे आधारकार्ड आणि शिधापत्रिका चिखलात गेल्या, हे कोणी मोजले? कोणत्या वहीत मांडले?

प्रश्न एका पत्रापुरता असता तर त्यावर एवढी शाई खर्च करण्याचे कारण नव्हते. परंतु नैसर्गिक आपत्तीचा धोका आणि तिने होणारी मालमत्तेची हानी यांचे गणित मांडणाऱ्या संगणक-प्रणाली आज विमा कंपन्या, बँका, आंतरराष्ट्रीय वित्तसंस्था आणि सरकारे सर्रास वापरीत आहेत. या प्रणाली तटस्थ आहेत, त्या केवळ विज्ञानाची भाषा बोलतात, त्यांत वर्गाचा प्रश्न येतोच कोठे, असा प्रचार अव्याहतपणे चालू असतो. या प्रचाराची कसून तपासणी करणे अगत्याचे झाले आहे. कारण उद्या कोणता नाला रुंद व्हायचा, कोणती संरक्षक भिंत उभी राहायची आणि कोणती वस्ती उठायची, याचे निर्णय याच गणिताचा हवाला देऊन होऊ लागले आहेत.

यंत्र कसे चालते

ज्याच्यावर टीका करावयाची ते नीट समजून घेतले पाहिजे. अशी प्रणाली सुट्या भागांची बनविलेली असते. पहिला भाग संकटाचा. पूर, चक्रीवादळ, भूकंप यांच्या हजारो काल्पनिक घटना संगणकात घडविल्या जातात; प्रत्येक घटनेत कोठे किती खोल पाणी भरेल किंवा किती वेगाने वारा वाहील, आणि अशी घटना सरासरी किती वर्षांतून एकदा घडेल, हे नकाशावर मांडले जाते. दुसरा भाग मालमत्तेचा : संकटाच्या कक्षेत काय काय येते आणि त्याची रुपयांत किंमत किती. तिसरा भाग हानीचा : इतके फूट पाणी शिरले तर अमुक प्रकारच्या इमारतीचे शेकडा किती नुकसान होते, हे सांगणारी वक्ररेषा. या तिन्हींचा गुणाकार करून सर्व घटनांची बेरीज केली, की त्या शहराचे सरासरी वार्षिक नुकसान हाती येते. विम्याच्या व्यवहारात याला चौथा भाग जोडतात : त्यातले किती मालकाने सोसावयाचे, किती विमा कंपनीने आणि किती पुनर्विमा कंपनीने.

या शास्त्राचा जन्म विम्याच्या पेढीत झाला. अमेरिकेत या कामाच्या पहिल्या कंपन्या १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस निघाल्या. विमा कंपन्यांनी प्रथम त्यांना फारसे मनावर घेतले नाही. मग २४ ऑगस्ट १९९२ रोजी अँड्र्यू नावाचे चक्रीवादळ फ्लोरिडावर आदळले. कॅरन क्लार्क यांच्या कंपनीने काही तासांतच विम्याचे नुकसान १३ अब्ज डॉलरांहून अधिक होईल, असा अंदाज दिला. जाणत्यांना तो अतिशयोक्त वाटला. प्रत्यक्ष आकडा त्याहूनही वर गेला आणि अनेक विमा कंपन्यांचे दिवाळे निघाले. त्या दिवसापासून आपत्तीचे गणित ही विकावयाची वस्तू झाली. तिची किंमत किती वाढली याची साक्ष २०२१ मध्ये मिळाली : मूडीज या पतमापन कंपनीने अशी प्रतिमाने बनविणारी आर. एम. एस. ही कंपनी सुमारे दोन अब्ज डॉलरांना विकत घेतली. कर्ज फेडण्याची ऐपत मोजणारे आणि पूर मोजणारे एकाच छपराखाली आले.

या व्यवहाराशी बंगळूरचा संबंध केवळ बुडण्यापुरता नाही. झुरिकच्या स्विस री या जगातील बलाढ्य पुनर्विमा कंपनीचे मोठे केंद्र याच शहरात आहे, आणि जगभरच्या विमा व वित्त कंपन्यांचे विश्लेषणाचे व प्रणालीलेखनाचे काम येथील सुशिक्षित तरुण करतात. फ्लोरिडातील घराचा धोका मोजणाऱ्या शहराला आपल्याच दारातल्या खोपटाचा धोका मोजता येत नाही, ही भांडवलदारी श्रमविभागणीची खरी ओळख आहे. त्या तरुणांच्या बुद्धीत कसूर नाही. त्यांच्या श्रमाचे गिऱ्हाईक कोण, यावर त्यांनी काय मोजावयाचे हे ठरते.

गुणाकारातील वर्ग

आता त्या निरुपद्रवी दिसणाऱ्या गुणाकाराकडे वळू. एक साधे काल्पनिक उदाहरण घ्यावे. एका बाजूला दहा कोटी रुपये किमतीचा एक बंगला आहे. दुसऱ्या बाजूला शंभर खोपटे, भांडीकुंडी, शेगडी, अंथरूण-पांघरूण आणि पत्रे धरून प्रत्येकाची किंमत वीस हजार रुपये. पूर येतो. बंगल्याचे नुकसान शेकडा पाच. खोपटे समूळ वाहून जातात. गणित असे सांगते : बंगल्याचे नुकसान पन्नास लाख, शंभर कुटुंबांचे मिळून वीस लाख. म्हणजे या वहीप्रमाणे एका कुटुंबाच्या दिवाणखान्यातला चिखल ही शंभर कुटुंबांच्या सर्वनाशापेक्षा अडीचपट मोठी आपत्ती ठरते. बंगलेवाल्याने रुपयातले पाच पैसे गमावले, आणि तेही विम्यातून बहुधा परत मिळतील; मजुराने रुपयातले शंभर पैसे गमावले. पण टक्केवारी वहीत राहत नाही, रक्कम राहते.

गोष्ट येथे थांबत नाही. समजा, दोन्हींपैकी कोणत्याही एका जागी पाणी अडविण्याच्या कामाला तीस लाख रुपये लागतात. खर्च आणि फायदा यांचा ताळा मांडणारा अधिकारी प्रामाणिकपणे सांगेल की, बंगल्याजवळ हे काम परवडते, कारण तीस लाख खर्चून पन्नास लाख वाचतात. वस्तीजवळ परवडत नाही, कारण तीस लाख खर्चून वीसच लाख वाचतात. त्याने लाच घेतलेली नसेल. कोणाचा फोन आलेला नसेल. त्याने फक्त गुणाकार केला. सार्वजनिक पैसा श्रीमंतांच्या वस्तीकडे वाहत जाण्यासाठी आता भ्रष्ट पुढाऱ्याचीही गरज उरलेली नाही. एक स्वच्छ, शास्त्रशुद्ध, संगणकीय कोष्टक पुरेसे आहे!

आणि ही झाली खोपटे वहीत निदान नोंदविल्यावरची स्थिती. पुष्कळदा ती नोंदलेलीच नसतात. ज्या जमिनीवर ती उभी असतात ती दुसऱ्याची, नोंदणी नाही, घरपट्टी नाही, विमा नाही. मालमत्तेच्या यादीत त्यांची किंमत शून्य; आणि शून्याला कितीही मोठ्या पुराने गुणले तरी उत्तर शून्यच येते.

जेथे तपशीलवार याद्या उपलब्ध नसतात तेथे वापरावयाची एक पद्धत अभ्यासण्यासारखी आहे. झुरिक येथील संघराज्य तंत्रविद्यापीठात विकसित झालेल्या क्लायमाडा या प्रणालीत ती आहे. देशाच्या एकूण मालमत्तेचा आकडा घ्यावयाचा आणि उपग्रहाने टिपलेला रात्रीचा प्रकाश व तेथील लोकसंख्या यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात तो सुमारे एक किलोमीटरच्या चौकटींत वाटून टाकावयाचा. संपूर्ण देशाचे ढोबळ चित्र काढण्यास ही युक्ती उपयोगी आहे, यात शंका नाही. परंतु तिचा अर्थ समजून घेतला पाहिजे. जेथे रात्रभर दिवे जळतात तेथे मालमत्ता अधिक. जेथे आकड्याच्या तारेवर एखादा दिवा लुकलुकतो तेथे कमी. आणि एका किलोमीटरच्या चौकटीत तंत्रउद्यान आणि त्याच्या कुंपणालगतची वस्ती मिळून एकच संख्या तयार होते. त्या संख्येत मजुराचे खोपट शोधू जाणे म्हणजे समुद्रात टाकलेली मिठाची चिमूट शोधणे होय.

मे २०२५ च्या पावसात याच पूर्व बंगळूरात एका कंपनीत साफसफाईचे काम करणारी कामगार स्त्री अंगावर भिंत कोसळून ठार झाली. मालमत्तेच्या वहीत पडलेल्या भिंतीची किंमत चढते. भिंतीखाली कोण होते, हे त्या वहीत चढत नाही.

नाला कोणी अरुंद केला?

या गणिताचे समर्थक म्हणतात की, पाऊस काही कोणाच्या वर्गाचा नसतो. हवामान बदलत आहे, निसर्ग कोपला आहे, तेथे वर्गसंघर्ष कशाला आणता? हा युक्तिवाद बंगळूरच्या मातीतच तपासून पाहावा.

समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंचीवरच्या या शहरातून कोणतीही मोठी नदी वाहत नाही. १५३७ मध्ये केंपेगौडाने नगर वसविले तेव्हापासून, आणि त्याच्या आधीपासूनही, येथील लोकांनी उतारावर एकाखाली एक तळी बांधली. वरचे तळे भरले की पाणी कालव्याने खालच्या तळ्यात उतरे. या कालव्यांना कन्नडमध्ये राजकालुवे म्हणतात. तो पाण्याचा हमरस्ता होता. त्या हमरस्त्याचे काय झाले? धर्मांबुधी तळ्याच्या जागी आज मध्यवर्ती बसस्थानक आहे. संपंगी तळ्यावर कंठीरव क्रीडांगण उभे आहे. कोरमंगल तळ्याच्या जागी राष्ट्रीय क्रीडास्पर्धांचे निवासी संकुल झाले. चल्लघट्टा तळे गोल्फच्या मैदानाने गिळले. यांतील एकही तळे ताडपत्रीच्या खोपटाने बुजविलेले नाही!

नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०२१ च्या अहवालाने या शहराच्या पर्जन्यजल व्यवस्थेचे वाभाडे काढले आहेत. कोरमंगल खोऱ्यातील नाल्यांची लांबी एके काळी सुमारे ११३ किलोमीटर होती, ती ६३ वर आली. वृषभावती खोऱ्यातील २२६ किलोमीटर लांबी ११२ वर आली. म्हणजे पाण्याचा निम्मा रस्ता नाहीसा झाला. त्याच काळात मोकळी जमीन काँक्रीटखाली गेली. एन. लक्ष्मण राव समितीने तळी वाचविण्याचा इशारा १९८० नंतरच्या दशकातच दिला होता. अज्ञानाची सबब सांगण्यास कोणालाही वाव नाही.

आता संगणकीय प्रतिमान या सर्वांचे काय करते? ते नाल्याची आजची रुंदी घेते, उतार घेते, पाऊस घेते आणि पाणी कोठे तुंबेल ते अचूक सांगते. नाल्याची रुंदी प्रतिमानात येते; ती कोणी कमी केली, कोणत्या खात्याने परवानगी दिली, जमिनीचा भाव किती पटींनी चढला आणि तो कोणाच्या खिशात गेला, हे येत नाही. माणसाने माणसावर केलेला अन्याय एका टोकाने यंत्रात शिरतो आणि दुसऱ्या टोकाने निसर्गाचा कोप बनून बाहेर पडतो. हा या यंत्राचा सर्वांत मोठा चमत्कार होय.

मग पाणी ओसरते आणि बुलडोझर निघतात. सप्टेंबर २०२२ मध्येही ते निघाले. अतिक्रमणांच्या यादीत बड्या तंत्रउद्यानांची आणि बिल्डरांची नावे झळकली, वर्तमानपत्रांनी मथळे दिले. परंतु लहान घरमालकाची भिंत नोटिशीची शाई वाळण्यापूर्वी पडते, आणि बड्यांच्या बाबतीत मोजणी, फेरमोजणी, सुनावणी व स्थगिती यांचा फेरा सुरू होतो. चोर सोडून संन्याशाला सुळी, ही म्हण महापालिकेच्या कारभारात जिवंत आहे. वस्तीतला मजूर तर त्या जमिनीचे भाडे मोजून राहत असतो. खोपट मोडले की भाडे घेणारा जमीनमालक सुखरूप राहतो आणि मजूर आणखी सखल जागा शोधतो. १८७२ मध्ये घरांच्या प्रश्नावर लिहिताना एंगल्सने दाखवून दिले होते की, भांडवलदारवर्ग गलिच्छ वस्त्यांचा प्रश्न सोडवीत नाही, तो त्या एका जागेवरून दुसऱ्या जागी ढकलतो. दीडशे वर्षांत एवढाच फरक पडला की, आता त्या ढकलण्याला पूररेषेचा रंगीत नकाशा जोडलेला असतो.

महाराष्ट्राचा अनुभव

बंगळूरची ही कथा महाराष्ट्राला नवी नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि महाराष्ट्रात हजाराहून अधिक माणसे प्राणास मुकली. मिठी नदीच्या मुखाशी दलदलीत भराव टाकून वांद्रे-कुर्ला संकुल उभे राहिले होते. नदी अडविल्याचा ठपका मात्र प्रथम ठेवला गेला तो तिच्या काठच्या झोपड्यांवर. काठ मोकळा करावयाचा तो कोणाचा आणि कोणाचा ठेवावयाचा, हा निवाडा तेथेही जमिनीच्या भावाने केला.

आणखी एक प्रकरण मराठी वाचकाने ध्यानात ठेवण्याजोगे आहे. २००९ मध्ये हवामान-बदलाशी जुळवून घेण्याच्या अर्थकारणावर एक बहुचर्चित आंतरराष्ट्रीय अहवाल निघाला. त्यात स्विस री आणि मॅकिन्झी यांसारख्या कंपन्यांचा सहभाग होता, आणि त्यांनी अभ्यासासाठी निवडलेल्या प्रदेशांत महाराष्ट्राचा दुष्काळ होता. या पद्धतीचे सूत्र असे : प्रत्येक उपायावर खर्चलेल्या रुपयामागे किती रुपयांचे नुकसान टळते, या क्रमाने उपाय मांडावेत, स्वस्त उपाय आधी करावेत, आणि जो धोका टाळणे महाग पडते तो विम्याकडे सोपवावा. हीच पद्धत पुढे क्लायमाडा प्रणालीने अंगीकारली.

वरवर पाहता यात वावगे काही दिसत नाही. पैसा जपून खर्चावा, हे कोणाला अमान्य आहे? पण कोरडवाहू शेतकऱ्याच्या दोन एकर ज्वारीची किंमत बाजारभावाने मोजली की तिचे टळलेले नुकसान किरकोळ ठरते. ती ज्वारी गेली की जनावर विकावे लागते, मुलगी शाळेतून काढावी लागते, ऊसतोडीच्या टोळीत नाव घालावे लागते; ही साखळी रुपयांच्या रकान्यात बसत नाही. मग टाळण्यास महाग ठरलेला धोका विम्याकडे जातो, आणि विमा हप्ता मागतो. ज्याचा धोका सर्वांत अधिक त्याचा हप्ता सर्वांत जड, हा विम्याच्या बाजाराचा नियम आहे. ज्याने तळे बुजविले नाही, ज्याने आकाशात धूर सोडला नाही, त्यानेच बुडण्याचा हप्ता भरावा, असा हा न्याय!

या न्यायाला पोषक अशीच राज्यव्यवस्थेची वाटचाल झाली. १९७२ च्या कायद्याने देशातील सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले होते. नंतर खासगी कंपन्यांना दार उघडण्यात आले. परकीय भांडवलाची मर्यादा २०१५ मध्ये ४९ टक्के आणि २०२१ मध्ये ७४ टक्के अशी पायरीपायरीने वाढविण्यात आली. २०१५ च्याच कायद्याने परदेशी पुनर्विमा कंपन्यांना भारतात शाखा उघडण्याची वाट मोकळी झाली. आपत्तीपासून जनतेचे रक्षण हे राज्याचे कर्तव्य होते. ते हळूहळू बाजारातील एक सौदा बनत आहे, आणि संगणकीय प्रतिमान या सौद्याचा तराजू आहे.

यंत्र फोडण्यात अर्थ नाही

येथवरचे विवेचन वाचून एखादा उतावीळ मित्र म्हणेल, असली गणिते समुद्रात बुडवावीत. गरिबाचे दुःख मोजता येत नाही. हा भावनावेग समजण्यासारखा असला तरी मार्ग चुकीचा आहे. जे मोजले जात नाही ते अंदाजपत्रकात येत नाही, आणि जे अंदाजपत्रकात येत नाही ते राज्यकर्त्यांच्या दृष्टीने अस्तित्वातच नसते. मोजणी नाकारणे म्हणजे वही शत्रूच्या हातात ठेवून घरी जाणे.

या देशात पुराच्या गणिताची एक वेगळी परंपराही आहे. १९२२ मध्ये उत्तर बंगालमध्ये महापूर आला तेव्हा पाणी थोपवून धरणारे खर्चिक जलाशय बांधण्याची कल्पना पुढे आली. प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी अनेक दशकांच्या पावसाच्या व पुराच्या नोंदी तपासल्या आणि दाखवून दिले की, त्या जलाशयांचा उपयोग होणार नाही. खरी गरज पाण्याचा जलद निचरा होण्याची आहे. तेथे गणिताने बड्या खर्चाची योजना खोडून काढली आणि साध्या सत्याकडे बोट दाखविले. राजकालुवे मोकळे करा, असे बंगळूरचे म्हातारे शेतकरी आज सांगतात, ते याहून वेगळे काय आहे?

शिवाय आजच्या प्रणालींची रचनाच टीकाकारांच्या मदतीला येते. त्या सुट्या भागांच्या आहेत, याचा अर्थ संकटाचा भाग तसाच ठेवून मालमत्तेचा भाग बदलता येतो. रुपयांऐवजी माणसे घालता येतात, बुडालेले रोजगाराचे दिवस घालता येतात, कुटुंबाच्या एकूण चीजवस्तूंपैकी किती गेले हे घालता येते. क्लायमाडा, तसेच भूकंपाचे गणित करणारी इटलीतील ओपनक्वेक, या प्रणालींची आज्ञावली सर्वांना खुली आहे. कोणीही ती घ्यावी, वाचावी, बदलावी. तिच्या निर्मात्यांनी माणसे मोजण्याची मुभा ठेवलेली आहे, हेही प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. मग तो रकाना रिकामा का राहतो? कारण रकाना भरण्याचे पैसे जो देतो त्याला माणसांच्या मोजणीत रस नसतो. दोष यंत्राच्या दातऱ्यांत नाही. कोणता भाग बसवावयाचा हे ठरविणाऱ्या हातात आहे.

बंगळूरला हे अशक्य आहे काय? कर्नाटक राज्य नैसर्गिक आपत्ती संनियंत्रण केंद्राचे पर्जन्यमापक शहरभर बसविलेले आहेत. भारतीय विज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांच्या सहकार्याने शहरी पुराचे प्रतिमान तयार झाले आणि २०२० मध्ये मेघसंदेश नावाची सेवा नागरिकांसाठी सुरू झाली. म्हणजे संकटाचा भाग जनतेच्या पैशाने, जनतेच्या संस्थांनी सिद्ध केलेला आहे, आणि तो चांगला आहे. उणीव आहे ती दुसऱ्या भागाची. पाणी कोठे तुंबेल हे सरकारला ठाऊक आहे. तेथे कोण झोपलेले असेल हे जाणून घेण्याची त्याला निकड वाटत नाही.

काय मागावयाचे

पहिली मागणी : पुराच्या धोक्याचा कोणताही सरकारी आराखडा तयार करताना नोंदणी असो वा नसो, प्रत्येक वस्तीची गणना झाली पाहिजे. घरे, माणसे, लहान मुले, वृद्ध, आजारी, आणि बुडणारे रोजगाराचे दिवस, हे सर्व मालमत्तेच्या बरोबरीने वहीत चढले पाहिजे. ही गणना वस्तीतील लोकांच्या आणि त्यांच्या संघटनांच्या सहभागाने व्हावी.

दुसरी : नुकसान रकमेबरोबरच प्रमाणातही मोजले पाहिजे. ज्याचे सर्वस्व गेले त्याचे नुकसान शेकडा शंभर आहे, आणि कामांचा प्राधान्यक्रम ठरविताना त्याचे वजन पहिले धरले पाहिजे.

तिसरी : सरकारी पैशाने तयार झालेले प्रत्येक प्रतिमान, त्यातील गृहीतके, याद्या आणि नकाशे जनतेला तिच्या भाषेत उपलब्ध झाले पाहिजेत. ज्या नकाशाच्या आधारे घर मोडले जाते तो नकाशा घरातल्या माणसाला पाहावयास मिळाला पाहिजे.

चौथी : अतिक्रमण हटविण्याची सुरुवात सर्वांत मोठ्या अतिक्रमणापासून झाली पाहिजे, आणि पर्यायी निवारा हाती दिल्याशिवाय कोणत्याही श्रमिकाचे छप्पर हलवू नये.

पाचवी : आपत्तीनंतरचे साहाय्य हा हक्क आहे. विमा त्याला पूरक असू शकेल, पर्याय होऊ शकणार नाही.

या मागण्यांच्या मागे उभी राहू शकणारी एक शक्ती खुद्द बंगळूरमध्ये आहे, आणि तिच्याकडे दुर्लक्ष होता कामा नये. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभा राहून कामावर जाणारा तो तरुण मालक नव्हता. तोही पगारावर जगणारा होता. पुरातही हजेरी लावणे त्याला भाग होते. २०१७ पासून कर्नाटकात या क्षेत्रातील कर्मचाऱ्यांची कामगार संघटना उभी आहे. दिवसभर दूरदेशीच्या इमारतींचा धोका मोजणारे हे कसबी हात, त्याच इमारतींच्या विटा वाहणाऱ्या हातांशी जोडले गेले, तर वहीतला तो रिकामा रकाना भरण्यास परदेशी सल्लागाराची गरज पडणार नाही.

पाऊस पुन्हा येणार आहे. पाणी पुन्हा उतार शोधीत जुन्या तळ्यांच्या जागी जाणार आहे, कारण सातबारा आणि खातेउतारे बदलले तरी पाण्याची स्मृती बदलत नाही. त्या दिवशी संध्याकाळी कोट्यवधींचे आकडे पुन्हा जाहीर होतील. त्या आकड्यांच्या शेजारी दुसरा आकडा ठेवण्याची तयारी पाऊस येण्याआधी, वस्तीवस्तीत, दारोदार, वही-पेन्सिल घेऊन करावयाची आहे.